आजीच्या रकान्यात शून्य लिहू नकोस

प्रिय लेकरा,

तुझ्या पुण्याच्या प्लॅनिंगच्या अभ्यासातल्या प्रवासाच्या सर्व्हेचा फॉर्म मिळाला. घरातल्या प्रत्येकाचा एका दिवसाचा प्रवास भरून दे, दहा मिनिटांचं काम आहे असं तू लिहिलंस खरं, पण ते दहा मिनिटांत होणारं काम नाही गं. बाबांचा रकाना लगेच भरून झाला, छोट्याचा त्याच्या मागं लागून भरला, माझ्या रकान्यात अडले आणि आजीचा तर अजून कोराच ठेवलाय. फोनवर सांगायला गेले की तू म्हणतेस आई मला फक्त आकडे पाठव, आणि मला तर आकड्यांच्या आधीचं सांगायचंय, म्हणून बसून टाईप करायलेय. सावकाश वाच, मेट्रोत उभ्या उभ्या नको.

बाबांचं सोपं आहे. पहाटे उठून डबा, कोपऱ्यावर कंपनीची बस, वाळूजला फर्स्ट शिफ्ट, दुपारी परत. एक जाणं एक येणं, उद्देश नोकरी, साधन कंपनीची बस, झालं. तुझ्या फॉर्मचे सगळे चौकोन त्यांना बरोब्बर बसले. आणि नीट बघितलं तर आपलं अर्धं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, त्यांच्यासारख्यांच्या जाण्यायेण्यावर उभं राहिलंय. आधी स्टेशनची आणि चिकलठाण्याची एमआयडीसी होती, मग १९८५ ला बजाजचा वाळूजचा कारखाना आला, त्याच्या मागं किती छोटे मोठे कारखाने, नंतर शेंद्रा. जालना, बीड, परभणीकडून माणसं आली आणि इथलीच झाली. १९७१ च्या जनगणनेत औरंगाबाद दीड लाखाच्या आसपास होतं, २०११ ला पावणेबारा लाख. एवढी माणसं राहायला पूर्वेला सिडकोत आणि कामाला पश्चिमेला वाळूजला, मधे मुख्य रस्ता एकच, जालना रोड, क्रांती चौक, छावणी, नगर नाका, की आलंच वाळूज. सकाळी सहाला कुठल्याही चौकात बघ, डबा काखेत धरून माणसं उभी असतात. २०१० मध्ये एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या शहरात आल्या म्हणून आपल्या गावाचं नाव देशभर झालं होतं, तेव्हा तू लहान होतीस, पण त्या वर्षीही वाळूजचं काम चालू होतं ते बसनं आणि मोटरसायकलनं येणाऱ्यांवर, आणि रांजणगावला, बजाजनगरला खोली करून राहिलेली पोरं तर पायीच गेटवर जायची. त्यांचं पण लिही कुठंतरी.

आजोबांचा रकाना तुझ्या फॉर्ममध्ये नाही कारण ते आता नाहीत, पण त्यांच्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील. त्यांच्या नोकरीची सुरुवात झाली तेव्हा गुलमंडीजवळ वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या आणि ऑफिस स्टेशनकडं. सायकल. पँटच्या पायाला स्टीलची क्लिप लावायची म्हणजे चेनचं ग्रीस लागत नाही, डबा कॅरियरला, उन्हाळ्यात टोपीखाली ओला रुमाल, आणि रात्री उशीर झाला तर चाकाला डायनामो टेकवायचा की पुढचा दिवा लागायचा, सायकल जड व्हायची पण लागायचा. हे मी बघितलेलं नाही, आजीनं सांगितलंय, पण ती क्लिप मी बघितलीय, शिवणाच्या डब्यात कित्येक वर्षं होती. येताना ते सरळ घरी कधीच यायचे नाहीत. पैठण गेटला कुणीतरी भेटायचं, औरंगपुऱ्यातनं भाजी घ्यायची, कुणाकडं आजारपण असलं तर तिथं जाऊन बसायचं. सायकलवरच्या माणसाला थांबायला काही लागत नाही, पाय टेकला की थांबला. कंपनीच्या बसमधनं बाबा कुणाला दिसले तरी हात करण्यापलीकडं काय करणार, बस तर चालली पुढं. बाबांना कामावरची माणसं जवळची आणि आजोबांना रस्त्यावरची, असं मला नेहमी वाटत आलंय, आणि त्याचं कारण स्वभावात कमी आणि वाहनात जास्त आहे.

मग सिडकोचं घर लागलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं किती लांब, जंगलात चाललेत राहायला. सायकल जमेना म्हणून बजाजची दुचाकी एम एटी घेतली आणि लांबचं जवळ झालं. तू मागच्या दिवाळीत सांगितलं होतंस ना, सेझारे मार्केटी म्हणून इटलीतले एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९४ ला लिहिलंय की माणूस कुठल्याही काळातला असला तरी दिवसाचा साधारण तासभरच प्रवासाला देतो, वाहन जोरात पळायला लागलं की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. ते मला तेव्हाच पटलं होतं आणि आता फॉर्म भरताना तर डोळ्यासमोरच आलं. आजोबांचे सायकलवरचे दोन्ही वेळचे मिळून जेवढे व्हायचे, जवळपास तेवढेच एम एटीवर होत राहिले, फक्त घर गुलमंडीहून सिडकोत एन फोरला आलं. तू वनाजला मेट्रोत चढतेस, सिव्हिल कोर्टला बदलतेस आणि शिवाजीनगरला उतरतेस, तुझंही तेवढंच. बाबांचं जरा जास्त जातं, ते क्रांती चौकाच्या कृपेनं. तासभर तोच, गाव मात्र दर पिढीला मोठं होत गेलं.

पण हे गणित कमावत्या माणसाचं आहे, बाळा. माझ्या रकान्यात ते बसत नाही आणि आजीच्या रकान्यात तर उलटंच होतं.

आधी माझं सांगते. तुझ्या फॉर्ममध्ये आहे, सुरुवातीचं ठिकाण, शेवटचं ठिकाण, मुख्य उद्देश. मी शाळेत जाते म्हणजे उद्देश नोकरी, बरोबर. पण मी घरनं शाळेत जातच नाही गं सरळ. आधी गिरणीत डबा ठेवायचा, कारण संध्याकाळी गर्दी असते, मग छोट्याला क्लासला उशीर झाला असेल तर सोडायचं, मग शाळा. सुटल्यावर आजीच्या बीपीच्या गोळ्या, दूध, गिरणीतनं पीठ, कुणाच्या घरी हळदीकुंकू किंवा कुणाचं कुणी गेलेलं असलं तर भेटायला, आणि मग घर. आता यातला मुख्य उद्देश कुठला? फॉर्म म्हणतो एकच टिक करा. नोकरीवर टिक केली की बाकी सगळं गायब, आणि दिसतं काय, तर ही बाई बाबांपेक्षा कमी प्रवास करते, जवळच असते, हिला रस्त्याचं काय एवढं पडलंय. मी जवळच असते हे खरं, पण जवळच्या जवळ माझी स्कूटी दिवसभर थांबत थांबत चालते, आणि प्रत्येक थांब्याला कुणाचं ना कुणाचं काम असतं, माझं स्वतःचं असं क्वचितच. तुमच्या सरांना विचार की बायकांच्या अशा जोडून जोडून होणाऱ्या खेपा मोजायला वेगळा रकाना असतो का, मला तर वाटतं असायलाच पाहिजे, नाहीतर त्या आकड्यांवरनं जे रस्ते आणि ज्या बसच्या वेळा ठरतील त्या सगळ्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाणाऱ्या माणसाच्याच ठरतील. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला बस कशाला पाहिजे असं कुणी म्हणालं तर त्यानं तेव्हा स्टॉपवर कोण उभं असतं ते बघावं. सगळ्या बायका, म्हाताऱ्या आणि लेकरं.

आणि पाण्याचा दिवस. हे तर तुमच्या पुण्याच्या सरांना कळणारच नाही, तू समजावून सांग. आपल्याकडं नळाला आठ आठ, दहा दहा दिवसांनी पाणी येतं, आणि येतं त्या दिवशी कधी येईल त्याचा भरवसा नाही. त्या दिवशी निम्म्या कॉलनीतल्या बायका कुठंच जात नाहीत. कुणी सुट्टी टाकतं, कुणी भिशी पुढं ढकलतं, दवाखान्याची अपॉइंटमेंट बदलतं. तुझा सर्व्हे नेमका त्या दिवसाचा असला तर लिहिशील, प्रवास नाही. का नाही याचा चौकोन कुठाय?

माझ्या वयाच्या बायकांना तरी वाहन मिळालं, हे फार मोठं होतं आणि मी ते विसरत नाही. फुलंब्रीहून मी कॉलेजला एसटीनं यायचे, पास काढून. सकाळच्या गाडीला एवढी गर्दी की खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायची, आणि रुमाल टाकलेल्या जागेवर कुणी बसत नसे, हा तेव्हाचा कायदाच होता. मध्यवर्ती बसस्टँडला उतरून तिथनं औरंगपुऱ्यापर्यंत पायी. परतीची गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसायचं, आणि घरी सगळे काळजीत, कारण फोन कुठं होते. त्यामुळं शेवटचा तास सोडून निघायचं हे ठरलेलं, प्रॅक्टिकल असलं तरी. लग्न झाल्यावर बाबांनी लुना शिकवली, आमखास मैदानावर, आणि तुझ्या आजीनं, माझ्या सासूनं, शेजारच्या बाईला ठणकावून सांगितलं होतं की माझी सून गाडी चालवती तर तुझ्या पोटात का दुखायलंय. ती स्वतः कधी साधी सायकल शिकली नाही. पण मला लुनावर बसवणारी तीच. लुना गेली, स्कूटी आली, आणि खरं सांगते, मला गावात स्वतःच्या मर्जीनं थांबता यायला लागलं ते तेव्हापासून. एसटीच्या वेळापत्रकावर जगलेल्या बाईला ते काय वाटतं ते तुला कळायचं नाही, तू जन्मलीस तेव्हापासून दारात गाडी आहे.

छोट्याचं बघ. त्याचा फॉर्म भरताना मला जरा काळजीच वाटली. क्लास, अभ्यासिका, संध्याकाळी कॅनॉटला मित्र, कधी प्रोझोन मॉल, सगळं बाईकवर. तू म्हणतेस की अमेरिकेत पोरं लायसनच उशिरा काढायला लागली, १९८३ ला सोळा वर्षांच्या पोरांपैकी जवळपास निम्म्यांकडं लायसन होतं आणि २०१४ ला पाव हिश्शाकडंच राहिलं. आपल्याकडं मला तरी तसं काही दिसत नाही, अठरा पूर्ण व्हायच्या आधीच बाईकचे फोटो गोळा करून ठेवलेले असतात. त्याला मी दोष देत नाही, कारण सकाळी साडेसहाच्या क्लासला त्याला दुसरं काय आहे. पण त्याला गुलमंडी माहीत नाही. म्हणजे नाव माहीत आहे, सुपारी हनुमान कुठं आहे ते माहीत नाही, सराफ्यातनं शहागंजला कसं निघायचं माहीत नाही, मकई गेटपर्यंत गेला तो गुगल मॅप लावून. आजोबांना त्या गल्ल्या तळहातासारख्या होत्या. छोट्याच्या गावात घर आहे, क्लास आहे, कॅनॉट आहे, आणि मधला रस्ता फक्त हेल्मेटच्या आतून बघायचा.

आणि वस्तू सगळ्या घरी येतात. वही पेन, चार्जर, रात्री अकराला बिर्याणी. त्याच्या रकान्यात खरेदीसाठी प्रवास शून्य. मला हे शून्य बरोबर वाटत नाही. जाणं बंद नाही झालं ना, दुसऱ्याच्या लेकरानं केलं. परवा पावसात एक पोरगा आला होता, कन्नड तालुक्याकडचा, छोट्याच्याच वयाचा, ओला चिंब, मी आत ये म्हटलं तर म्हणाला काकू पुढची ऑर्डर लेट होईल. चहा तसाच राहिला. तो दिवसभरात किती चकरा मारत असेल, आणि तुझ्या सर्व्हेत तो कुठल्या घरात मोजला जाईल? तो तर चार जणांच्या खोलीत राहतो, तिथं फॉर्म घेऊन कोण जाणार. त्याला गाठ, तुझ्या अभ्यासात त्याचं एक पान तरी असू दे.

लहान लेकरांचं एका वाक्यात सांगते. बाबा पहिलीपासून एकटे पायी शाळेत जायचे, तू रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात सात जणांत कोंबून गेलीस, आणि समोरच्यांची नात आता दारातनं पिवळ्या बसमध्ये बसती आणि दारात उतरती, तिला कॉलनीच्या कोपऱ्यावरचं दुकान एकटीनं दिसलेलं नाही.

आता आजी.

आजीचा संसार गुलमंडीला सुरू झाला तेव्हा तिच्याकडं वाहन नव्हतं, पैसे बेताचे होते, आणि तरी ती रोज बाहेर असायची. सुपारी हनुमान रोजचाच, औरंगपुऱ्याची मंडई एक दिवसाआड, श्रावणात खडकेश्वर, चतुर्थीला राजाबाजारचा संस्थान गणपती, बहीण बेगमपुऱ्यात तिच्याकडं दुपारचं, आणि नवरात्रात पहाटे वाड्यातल्या सगळ्या बायका मिळून कर्णपुऱ्याला पायी. अंधारात निघायचं, अनवाणी, वाटेत दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका मिळत जायच्या आणि उजाडायच्या आत दर्शन होऊन परत. अजूनही जातात गं माणसं पायी, नवरात्रात बघ पहाटे चारला, पोरंपोरी सुद्धा जातात, तेवढा एक प्रवास सगळ्या पिढ्यांचा सारखा राहिलाय. बायकांनी घरात राहायचं असा तो काळ म्हणतात, पण पायी गाठता येईल एवढ्या गावात आजीला कुणाची परवानगी आणि कुणाची गाडी लागत नव्हती, हेही तेवढंच खरं.

सिडकोत आल्यावर रस्ते रुंद झाले, घरात नळ, अंगण, सगळं चांगलं झालं, मंडई मात्र पायी जाण्यापलीकडं गेली. तरी ती हटली नाही. जालना रोडला यायची, सिक्स सीटर रिक्षाला हात करायची आणि मांडीवर पिशवी घेऊन औरंगपुऱ्याला. बारा माणसं भरलेली ती सिक्स सीटर, पण तिला आवडायची, म्हणायची सगळ्या गावची खबर कळती. मग गुडघे गेले. २०१९ ला स्मार्ट बस सुरू झाल्या तेव्हा तिला परत हुरूप आला, चढायला दांडा आहे, बसायला जागा मिळती, कंडक्टर पोरगं हात देतं. पुढं कोरोना आला, सगळं थांबलं, आणि दोन वर्षं घरात बसलेलं म्हातारं माणूस उठून परत रस्त्यावर जाणं फार अवघड असतं, त्यांचे पाय तेवढ्यात विसरतात. त्यात आजोबा गेले.

आता सरकारनं सोयी केल्यात आणि त्या चांगल्याच आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरच्या वरच्यांना एसटी राज्यभर फुकट, मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट, आणि खेड्यापाड्यातल्या बायका त्यामुळं किती बाहेर पडल्या ते मी फुलंब्रीच्या गाडीत डोळ्यांनी बघते. आधार कार्ड दाखवलं की आजी पैठणला नाथांच्या दर्शनाला फुकट जाऊ शकते, पंढरपूरला जाऊ शकते, मुंबईला जाऊ शकते. फक्त एन फोरमधनं सिडको बसस्टँडला जायला आधी जालना रोड ओलांडावा लागतो.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी निघालो होतो. तिच्या बहिणीला बरं नव्हतं, आजी म्हणाली रिक्षा नको, एवढे पैसे कशाला, बसनं जाऊ. कडेला उभ्या राहिलो. तिनं पदर कमरेला खोचला, आणि मग काय केलं तर दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. म्हटलं आत्याबाई, डांबर तापलंय, पाय भाजतील. म्हणाली, चप्पल निसटली तर रस्त्यात वाकता यायचं नाही मला. एवढा विचार तिनं आधीच करून ठेवलेला. एका हातात चपला, दुसऱ्या हातानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. पलीकडनं फ्लायओव्हर उतरून गाड्या सुसाट यायलेल्या, त्यांना वाटतं सिग्नल संपला म्हणजे आता मोकळं रान. एक रिक्षा थांबली, तिच्या मागचा थांबला नाही. निम्म्यात, दुभाजकाच्या कटपाशी पोचलो, तिथं एक बाईकवाला राँग साईडनं आला आणि आजीच्या पदराला घासून गेला. लागलं काही नाही. पण तिथंच ती उभी राहिली आणि म्हणाली, फिर मागं. मागं फिरायला सुद्धा तेवढाच रस्ता ओलांडायचा होता, आम्ही तिथं दुभाजकावर किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. शेवटी एका ट्रॅव्हल्सवाल्यानं गाडी आडवी घालून आम्हाला जाऊ दिलं.

नंतर रिक्षानं जाऊया म्हटलं तर नको म्हणाली. आता ती म्हणती, मला कुटं जायचंय आता, घरी बसून नाव घेते देवाचं. पाहुणेरावळे पण म्हणतात, छान, आता आराम करा. आणि बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्या माणसाला बाहेर जायची गरज राहत नाही, वय झालं की प्रवास कमी होतो, असं तुमच्या पुस्तकातही असेल. माझं म्हणणं एवढंच आहे की आजीचा प्रवास वयानं कमी झालेला नाही. गुडघे दुखतात तरी ती कॉलनीतल्या मंदिरापर्यंत रोज जाते, गच्चीवर चढून पापड वाळवते. तिचा प्रवास त्या रस्त्यापाशी अडलाय. बहिणीची चौकशी ती आता माझ्या फोनवरनं करते, दोघींना नीट ऐकू येत नाही, दोघी मोठ्यानं बोलतात आणि फोन ठेवल्यावर आजी बराच वेळ गप्प असते.

म्हणून तिच्या रकान्यात शून्य लिहायला माझा हात उठत नाही. तू मला सांगितलंस की प्लॅनिंगमध्ये असं चालतं, सर्व्हेत जेवढे प्रवास सापडतात तेवढ्याचा पुढच्या वीस वर्षांचा अंदाज काढायचा आणि त्यावर रस्ते, पूल, बस ठरवायच्या. मग ज्याचा प्रवास सापडलाच नाही त्याच्यासाठी काय ठरणार? गाड्या जास्त सापडल्या म्हणून गाड्यांसाठी पूल झाला, पुलामुळं गाड्या अजून जोरात आल्या, त्यामुळं आजी घरी बसली, आणि पुढच्या सर्व्हेत आजी अजून कमी सापडणार. हे चक्र तुम्ही पोरांनी नाही तोडायचं तर कुणी तोडायचं. तुझ्या फॉर्मला एक प्रश्न जोड, काल तुम्हाला कुठं जायचं होतं आणि जाता आलं नाही, आणि का. आजीचं उत्तर मी आत्ताच देते. बेगमपुरा, बहिणीकडं. खडकेश्वर, श्रावणातल्या एका तरी सोमवारी. औरंगपुऱ्याची मंडई, काही घ्यायला नाही, नुसतं बघायला, असं ती स्वतः म्हणाली. कारण, रस्ता. तुझ्या मैत्रिणींनाही सांग त्यांच्या आजीआजोबांना विचारायला, पुण्यातल्या आज्यांचं काही फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही.

आणि एक काम आहे तुझ्याकडं, हे मात्र नक्की कर. आमच्या भिशीतल्या बायकांनी ठरवलंय की त्या कटपाशी पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल आणि पट्टे पाहिजेत म्हणून अर्ज द्यायचा, सह्या गोळा करायला सुरुवात झालीय, दोन्ही बाजूच्या कॉलन्यांतनं. पण नुसत्या सह्यांच्या कागदाला कोण विचारतं, त्याला एक नीट नकाशा जोडायचाय. बसस्टॉप कुठं, कट कुठं, दवाखाना कुठं, शाळेची पोरं कुठनं ओलांडतात, ते सगळं दाखवून. रुंदी छोट्या रविवारी पहाटे टेप लावून मोजणार आहे, बाबा उभे राहतील गाड्या थांबवायला. सिग्नल किती सेकंदांचा हवा ते तू काढून दे. तू म्हणाली होतीस हिशोबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे समजा तीस मीटर रस्ता असला तर पंचवीस सेकंदांत पार. तसं नको धरू. मी काल अंगणात आजीला चालायला लावून मोबाईलवर वेळ लावली, तिला त्याच्या दुप्पट लागतो, आणि तोही चपला पायात असताना, सपाट फरशीवर. तिच्या चालीनं हिशोब कर. अर्जात पण तसंच लिहायचं, ऐंशी वर्षांची बाई ओलांडू शकेल एवढा वेळ, म्हणजे लेकरांना आणि गर्भार बायकांनाही तो पुरेल.

पुढच्या सोमवारच्या आत पाठव, मंगळवारी पाण्याचा दिवस यायची शक्यता आहे, त्याच्या आधी झेरॉक्स काढून ठेवते. पीडीएफ पाठव, तुझ्या त्या सॉफ्टवेअरची फाईल इथं उघडत नाही. नकाशावर नावं मराठीत आणि मोठ्या अक्षरांत टाक, आजीला पण वाचायचाय.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई